या मशीनला हात लावू नये

८ एप्रिल २०१४ रोजी रामनवमी होती. दुपारी बारा वाजता महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला, आणि त्याच तारखेला तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीला मूठमाती दिली. जन्म २५ ऑक्टोबर २००१ चा, म्हणजे बिचाऱ्याचं तेरावं वर्ष चालू होतं. महिनाभर आधीपासून पडद्यावर सूचना झळकत होत्या, की अमुक तारखेनंतर तुमचं तुम्ही बघा. इतकी आगाऊ कळवून आलेली मयत क्वचित असते. अडचण एवढीच, की मयताला पत्ता नव्हता. जगातले साधारण चौथाई संगणक त्या दिवशीही एक्सपीवरच चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी बटण दाबलं, ती ओळखीची सुरावट वाजली, निळ्या आभाळाखालची हिरवी टेकडी आली आणि लोक कामाला लागले. काही जण अजून लागतात.

ती टेकडी खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं १९९६ मध्ये रस्त्याकडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. त्या टेकडीवर पुढं द्राक्षांचे मळे झाले. म्हणजे टेकडी बदलली, एक्सपीवाले नाही बदलले.

असं एक एक्सपी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात सुखानं नांदतं. मूळचं पांढरं कॅबिनेट आता जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या रंगाचं झालंय. कीबोर्डवर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर धूळ, धुळीत बोटांच्या जागा. वर पाटी: ‘या मशीनला हात लावू नये. का, ते विचारू नये.’ खाली बारीक अक्षरात: ‘पेन ड्राइव्ह खिशातच ठेवावा.’ दरवर्षी खंडेनवमीला कटिंग मशीनबरोबर यालाही झेंडूचा हार पडतो. शेजारी मालकांच्या भाच्यानं आणलेलं नवं मशीन आहे. त्यालाही हार पडतो, पण छोटा.

मालक काकांना मी एकदा म्हटलं, “काका, एक्सपीचा सपोर्ट केव्हाच बंद झाला.”

“कोणाचा सपोर्ट?”

“मायक्रोसॉफ्टचा.”

“बरं. मग आत्तापर्यंत बिल गेट्स येत होता का इथं, कार्ट्रिज बदलायला?”

यावर उत्तर नाही. पेठेत ज्याला सपोर्ट म्हणतात, तो स्कूटरवरून येतो. गळ्यात दोरी, दोरीला पेन ड्राइव्ह, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर. खोडरबर का, हे ज्याला कळत नाही त्यानं भारतीय संगणकशास्त्रावर बोलू नये. मशीन सुरू होत नसेल तर हा मुलगा रॅमची पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासतो, फुंकर मारतो, परत बसवतो, आणि दहापैकी सात वेळा मशीन सुरू होतं. उरलेल्या तीन वेळा तो “फॉरमॅट मारावा लागेल” असं म्हणतो. निदान बदलतं, उपचार तोच. हा मुलगा मोठा होऊन दुकान टाकतो, मग त्याच्या हाताखालचा मुलगा येतो. ही परंपरा कुठल्याही तारखेला संपत नाही आणि तिला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडहून परवानगी लागत नाही.

शिवाय सपोर्ट संपायला आधी तो असावा लागतो. आपल्याकडच्या घरगुती आणि दुकानी एक्सपीची जन्मकथा सगळ्यांना ठाऊक आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत मशीन असेंबल व्हायचं, आणि विंडोज ‘टाकून’ मिळायचं. मूळ सीडी कोणी पाहिलेली नसायची. पंचवीस अक्षरांची एक की बाजारात फिरत होती. एक्सपी दुकानात येण्याआधीच ती फुटली होती. असेंबल करणाऱ्या मुलांना ती पाठ होती, न अडखळता, डोळे मिटून. अपडेट नावाची गोष्ट पहिल्याच दिवशी बंद करून ठेवायची, कारण अपडेट आला की कंपनी तपासायची, आणि २००८ पासून तर नकली प्रतीचा पडदा दर तासाला काळा करायची. लोक काळ्या पडद्यावर पुन्हा हिरवी टेकडी लावायचे आणि पुढच्या तासाची वाट बघायचे. अशा माणसांना ‘यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत’ ही बातमी सांगणं म्हणजे श्रमच.

पण काका एक्सपीच्या प्रेमात आहेत असं समजू नका. एक्सपी म्हणजे काय, असं विचारलं तर ते ‘ज्याच्यात पेजमेकर उघडतं ते’ असं सांगतील. त्यांचा संसार पेजमेकरशी आहे. ऑल्डस नावाच्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर १९८५ साली काढलं. १९९४ मध्ये ऑल्डस अडोबीच्या घरात गेली. अडोबीनं २००१ मध्ये सातवी आवृत्ती काढली आणि नंतर सांगितलं की आता हे पुरे, इनडिझाइन घ्या. महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पेजमेकर उघडलं.

आता गंमत अशी, की पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याला कळतात ते जुने फॉन्ट, श्रीलिपी, आकृती, कृतीदेव वगैरे मंडळी. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेली असतात. फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर आणि टोप्या घातलेली युरोपियन स्वरचिन्हं. फॉन्ट त्यांना मराठी वेश चढवतो. फॉन्ट काढा, की ‘श्री गजानन प्रसन्न’ या मजकुरातून एकदम कंसांचा आणि टक्क्यांचा भडिमार सुरू होतो. र्‍य आणि ऱ्ह यांच्यासाठी ऑल्ट धरून चार आकडे दाबावे लागायचे. त्या आकड्यांचा कागद मॉनिटरला चिकटवलेला असायचा आणि तो कागद ऑपरेटरच्या पगाराएवढा मोलाचा असायचा.

या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला राखण म्हणून डोंगल. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, मशीनच्या मागं प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचा. तो असला तर फॉन्ट उमटणार, नाही तर नाही. नव्या मशीनला तसं पोर्टच नसतं. म्हणजे पाहा: लग्नपत्रिकेला तो फॉन्ट हवा, फॉन्टला डोंगल हवं, डोंगलला पोर्ट हवं, पोर्टाला जुना मदरबोर्ड हवा, आणि मदरबोर्डावर मुकाट्यानं चालणारं एक्सपी हवं. प्लेटसाठी ट्रेसिंग काढणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर तर पुढच्या कुठल्याच विंडोजसाठी निघाला नाही; कंपनीनं प्रिंटरच बंद केला. सगळे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. एकाला उठवलं तर सगळे उठतात, आणि लग्न पुढच्या गुरुवारी असतं.

भाच्यानं मध्यंतरी लिनक्सचा प्रस्ताव मांडला. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरस नाही, जुन्या मशीनवर पळतं. मुलगा पोटतिडकीनं बोलत होता. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“श्रीलिपी चालते?”

“मामा, युनिकोड...”

“पेजमेकर?”

“त्याच्याऐवजी...”

“चहा घेतोस का?”

तर नव्या मशीनवर काय चालतं? जीएसटीचे रिटर्न भरले जातात आणि यूट्यूबवर कीर्तनं ऐकली जातात. दोन्ही गोष्टींना नेट लागतं, आणि नेट एक्सपीला जोडायचं नाही, हे काकांना कोणी न सांगता कळलेलं आहे. याबाबतीत ते अनेक मोठ्या कंपन्यांच्या पुढं आहेत.

मोठ्यांचीही गोष्ट सांगतो. एक्सपीचं मायक्रोसॉफ्टशी नातं मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूसारखं राहिलं. मालक नोटिसा देतो, ‘इमारत धोकादायक आहे’ असा फलक लावतो, आणि भाडेकरू त्याच गॅलरीत सांडगे वाळत घालतो. गंमत म्हणजे मालकालाही राहवत नाही. ८ एप्रिलला सगळं संपलं म्हणून जाहीर केलं, आणि १ मे २०१४ ला इंटरनेट एक्सप्लोररमधलं एक मोठं भोक बुजवण्यासाठी एक्सपीलाही दुरुस्ती पाठवली. निरोप देऊन महिनाही झाला नव्हता. मग मे २०१७ मध्ये पुन्हा एकदा, मे २०१९ मध्ये आणखी एकदा. ब्रिटिश सरकारनं तर एका वर्षाच्या वाढीव देखभालीसाठी ५५ लाख पौंड मोजले. अमेरिकी नौदलानं २०१५ मध्ये एक्सपी आणि त्याच्या काही समवयस्कांसाठी ९१ लाख डॉलरचा करार केला. काही हुशार लोकांनी पैसे न देता मार्ग काढला. दुकानांतल्या बिलिंग यंत्रांसाठी एक्सपीचाच एक चुलतभाऊ होता आणि त्याची देखभाल २०१९ पर्यंत चालणार होती. त्यांनी आपल्या घरच्या एक्सपीच्या नोंदवहीत दोन ओळी घालून त्याला ‘मी बिलिंग यंत्र आहे’ असं बोलायला शिकवलं. हा जुगाड तपकीर गल्लीतून निघालेला नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

२०१७ ची दुरुस्ती वॉनाक्रायमुळे आली. १२ मे २०१७ ला हा खंडणीखोर किडा जगभर सुटला, दीडशेच्या आसपास देशांत पसरला, आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या, शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. सगळ्यांनी बोट दाखवलं ते एक्सपीकडे. नंतर आकडे आले तेव्हा दिसलं, की बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज सातची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ती बसवायची राहून गेली होती. एक्सपीवर तर हा किडा धड बसतही नव्हता. तो शिरायचा प्रयत्न करायचा आणि एक्सपी निळा पडदा टाकून मान टाकायचं. ही माहिती मी काकांना सांगायला नको होती, असं नाही, पण ती त्यांनी ज्या चेहऱ्यानं ऐकली तो चेहरा मला आवडला नाही.

बँकांचं पाहा. एटीएम म्हणजे पैसे मोजणारं कपाट आणि त्याच्या पोटात एक साधा संगणक. एटीएमचा पडदा मध्येच काळा होऊन विंडोजचं चिन्ह उगवतं, तेव्हा रांगेतला शेवटचा माणूस “काय झालं हो?” असं विचारतो आणि पहिला माणूस “विंडोज चालू होतंय” असं डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या कितीतरी यंत्रांत एक्सपी होतं आणि २०१४ नंतरही राहिलं. रिझर्व्ह बँकेनं पत्रं लिहून पाहिली. शेवटी २१ जून २०१८ च्या परिपत्रकात कूर्मगतीबद्दल कान उपटून हप्ते बांधून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम नव्या प्रणालीवर, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५, आणि जूनपर्यंत सगळी. मयतानंतर पाच वर्षांनी दहावा, तेरावा आणि वर्षश्राद्ध एकदम. कर्जदाराला हप्ते बांधून देणाऱ्या बँकांना कुणीतरी हप्ते बांधून दिलेले पाहून मला जो आनंद झाला तो या लेखाच्या विषयाबाहेरचा आहे.

आणि हे फक्त आपल्याकडे चालतं असं वाटत असेल तर पॅरिसला जा. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या ऑर्ली विमानतळावर धुक्यात वैमानिकांना किती दूरचं दिसेल ते कळवणारी यंत्रणा बंद पडली आणि विमानं खोळंबली. यंत्रणा विंडोज ३.१ वर होती. हे विंडोज १९९२ सालचं. तिथंही कुणीतरी पाटी लावली असणार, फ्रेंचमध्ये.

घरच्या माणसांचं दु:ख वेगळं. त्यांचं डोंगल अडत नाही, सवय अडते. एमएससीआयटी करून जे माउस धरायला शिकले, त्यांना शिकवलेलं पहिलं वाक्य होतं: डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्टवर क्लिक करा. २०१२ मध्ये विंडोज आठ आलं आणि त्या कोपऱ्यातून स्टार्टच गेलं. वर्षानं ८.१ मध्ये बटण परत आलं, पण तोवर विश्वास गेला होता. विंडोज ११ नं तर ते मध्यभागी नेऊन बसवलं. निवृत्त माणसं अजून डाव्या कोपऱ्यात जातात, तिथं हवामान दिसतं, आणि त्यांना बाहेर किती अंश सेल्सिअस आहे हे पुन्हा पुन्हा कळत राहतं. पत्त्यांचं तर विचारू नका. सरकारी कार्यालयांत संगणकीकरण रुजलं ते सॉलिटेअरमुळे, हे माझं मत आहे आणि मी ते मागं घेणार नाही. विंडोज आठमध्ये तो आयता मिळेना, दुकानातून डाउनलोड करा म्हणे. अर्ज करून पत्ते मागायचे! पिनबॉल त्याआधीच गेला. त्याचं कारण मात्र मला फार आवडतं: ६४ बिटच्या विंडोजवर तो खेळ आणला तर चेंडू फळीला न आपटता तिच्यातून आरपार जाऊ लागला. जुना कोड कोणाला उलगडेना, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी खेळच वगळला. जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं ‘चालत नाही, काढून टाका’ म्हटलं आणि आम्ही ‘चालतंय, राहू द्या’ म्हटलं तर लगेच मागासलेले.

आता पाळी विंडोज १० ची आली. २०१५ साली जेरी निक्सन या मायक्रोसॉफ्टच्याच माणसानं परिषदेत सांगितलं होतं की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. लोकांनी ‘शेवटची’चा अर्थ ‘कायमची’ असा घेतला. २०२१ मध्ये ११ आलं, आणि १० चा शेवट १४ ऑक्टोबर २०२५ ला ठरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी अंकांचे शेवटचे फॉर्म छापखान्यात, व्यापाऱ्यांचे हिशेब अर्धवट, घरात चकलीचा घाणा, आणि पडद्यावर सूचना: तुमचा पीसी विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाही. अट काय, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. सातव्या पिढीचं मशीन धडधाकट आहे, त्यावर टॅली चालतं, मुलाचा ऑनलाइन क्लास चालतो, पण ते पात्र नाही. उपवराची पत्रिका जुळते, पगार जुळतो, आणि नाडी एक येते म्हणून नकार, तसलं काहीतरी.

मुदतवाढ मिळते, अर्थात. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ३० डॉलरला, किंवा मायक्रोसॉफ्टचे हजार बक्षीसगुण खर्चून, किंवा आपल्या सेटिंग त्यांच्या क्लाउडवर ठेवल्या तर फुकट. कंपन्यांना मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, एवढ्यात आपल्याकडे बरं मशीन येतं. म्हणजे हा दर मुदत वाढावी म्हणून नाही, लाज वाटावी म्हणून आहे. मोठ्या कंपन्यांच्या लेखापालांना ती वाटेल. पेठेत तो दर कोणी विचारणारही नाही, कारण स्कूटरवरच्या मुलानं विंडोज ११ ची अट चुकवून टाकायची युक्ती शोधून काढली आहे आणि तो ती चारशे रुपयांत करतो.

माझं म्हणणं एवढंच, की प्रणाली बदलायची का नाही हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. प्रणाली आपल्या आपण जाते. एक दिवस पॉवर सप्लाय जळतो, त्या मापाचा नवा मिळत नाही, आणि प्रश्न सुटतो. तिच्याबरोबर जाणार आहेत त्या फायली. गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, एखाद्या कुलवृत्तांताची चारशे पानं, बंद पडलेल्या दिवाळी अंकाची वीस वर्षं, कुणाच्या वडिलांचं न छापलेलं आत्मचरित्र. हे सगळं महाराष्ट्रात हजारो हार्ड डिस्कवर जुन्या फॉन्टांत पडलंय. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण ती रफारात, जोडाक्षरात, र्‍य मध्ये चुकतात. मूळ पान समोर ठेवून ताडून पाहावं लागतं, आणि मूळ पान नीट दिसतं ते फक्त त्याच मशीनवर, त्याच डोंगलसकट.

तेव्हा तुमच्याकडे असं मशीन असेल तर ते सुरू होतंय तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच गुंडाळला जातो, ती उद्या कुठंही वाचता येईल. अख्ख्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. काम कंटाळवाणं आहे, दोन-चार रविवार जातील, पण ते स्वतः बसून करा. कॉम्प्युटरवाल्या मुलाला सांगू नका. तो फॉरमॅट मारेल.